सैल काडीचा चष्मा

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी बाबांच्या चष्म्यांच्या दुकानाचं शटर ओढायच्या बेतात होते. चष्मा हातात, डोळे बारीक केलेले — समोरची मी त्याला धड दिसत तरी होते की नाही, कोण जाणे.

“काडी सैल झालीय,” तो म्हणाला.

मी बिजागरीचा स्क्रू आवळला आणि बाबा सोडायचे तसा त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब सोडला. तो वाळला की स्क्रूची हलायची बिशाद नसते. बाबा हिवाळ्यात गेले. त्यांचा चष्मा मी अजून खणातून बाहेर काढला नव्हता.

आठवड्याभरात स्वारी परत हजर. तीच काडी.

“इतक्यात?”

“माझं नाक वाकडं असेल.”

“नाक सरळ आहे,” मी म्हणाले, आणि उगाचच कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्यानंतर आला तेव्हा मात्र हसू आलं नाही. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. डोळे तपासण्याच्या पुढच्या शिक्षणाला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळत होता. शिकून यायचं आणि दुकानातच तपासणीची खोली काढायची, हे बाबांनी आणि मी मिळून ठरवलेलं. काका म्हणत, दुकान विकू, तू सरळ नोकरी बघ. शुक्रवारपर्यंत तिथल्या कॉलेजला होकार कळवायचा होता. आणि इथे माझ्या हातचा साधा स्क्रू टिकत नव्हता... बाबांचा हात माझ्यात उतरलाच नसेल तर?

त्यात याच्या चौकशा.

“पाच वर्षांनी काय करत असाल तुम्ही? हेच दुकान?”

“का, विकत घ्यायचंय?”

“नाही हो. सहज विचारलं.”

सहज कोणी इतकं खोदून विचारत नाही.

मंगळवारी मी काकांना सांगून टाकलं, “विका दुकान. माझ्या हातात बाबांचं कसब नाही.” ते खूश होतील असं वाटलं होतं. “कोण म्हणालं?” एवढंच त्यांनी विचारलं.

बुधवारी दुकानासमोरच्या बाकावर काका आणि तो — डोकी जवळ, आवाज खाली. मला बघताच दोघं गप्प. पाणी कुठे मुरतंय ते मला कळलं. मला हे काम झेपत नाही, हे माझ्या गळी उतरवायला काकांनीच याला पाठवलं होतं.

गुरुवारी तो आला. मी चष्मा भिंगाखाली धरला. थेंब खरवडलेला. स्क्रूच्या खाचेत ताजा ओरखडा.

“काकांनी सांगितलं हे करायला?”

“काकांनी?” तो गडबडला. “काकांनी काल बाकावर बसवून सगळं काढून घेतलं, कान उपटला माझा. म्हणाले, तिला खरं सांग, नाहीतर मी सांगतो.”

“मग सांगा.”

“पहिल्यांदा खरंच सैल झाली होती. नंतर... घरी पेचकस आहे. इथे यायला दुसरं निमित्त सुचेना.”

“त्या पेचकसापायी मी दुकान विकायला निघाले होते. कळतंय तुला?”

मी त्याला ‘तू’ म्हणाले, हे दोघांच्याही लक्षात आलं.

“काल कळलं,” तो हळूच म्हणाला. “मी पुन्हा आलो नाही तरी चालेल. पण तू विकू नकोस.”

मी खण उघडला. बाबांचा चष्मा. त्यांच्या आजारपणात त्याची काडी मीच आवळली होती, ते उशीला टेकून बघत असताना. मी ती उघडली, मिटली. जराही हलली नाही. थेंब जसाच्या तसा.

बाबांचा चष्मा मी परत खणात टाकला नाही, समोर काउंटरवरच ठेवला.

मग त्याची काडी आवळली, थेंब सोडला, फुंकर घातली आणि चष्मा मीच त्याच्या नाकावर ठेवला.

“उद्या होकार कळवतेय. दोन वर्षं इथे नसेन. तोवर काकांनाच बसवणार दुकानात.”

“आणि... तिकडे माझी काडी सैल झाली तर?”

“होणार नाही. मी आवळलीय ती,” मी म्हणाले. “तुला यायचं असेल, तर नुसतं यायचं.”