तोडे वाजले नाहीत

शहागंजातल्या काट्यांच्या दुकानात चतुरा घरी न्यायच्या वजनकाट्यावर उभी राहिली आणि आकडा कुणाला दिसू नये म्हणून तिनं पदर खाली सोडला. दवाखान्याचा काटा दुरुस्तीला घेऊन आलेला कारकून बद्रीनाथ शेजारीच उभा होता. त्याला हसू आलं.

"हसता काय? तुमचं किती भरतं, ते सांगा आधी."

"मी... नाही सांगणार."

"मग मी बी नाय."

पण तिला सांगावं लागलं. रोज. लहानपणच्या तापानं तिचं हृदय कमकुवत झालं होतं. अंगात पाणी साठलं की वजन चढायचं. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं – रोज सकाळी वजन करून दवाखान्यात फोन करायचा. दोन दिवसांत किलोभर वाढलं तर ताबडतोब यायचं. फोनजवळच्या वहीत आकडे लिहायला बद्रीनाथ बसायचा.

चतुरा बजाजनगरात भावाकडं, सूर्यभानकडं राहायची. तो वाळूजच्या कारखान्यात होता. फर्दापूरकडं मेंढरं राखणाऱ्या आजीचे भरीव चांदीचे तोडे तिच्या पायात होते, दोन्ही मिळून किलोभराचे. पीसीओत उभ्यानं बोलताना ती पाय हलवायची आणि तोडे एकमेकांवर आपटायचे.

"सेहेचाळीस."

"तोड्यांसकट?"

"तोडे काय माझ्यापासून वेगळे हायेत व्हय?"

"इथपर्यंत ऐकू येतात."

"असं... मला वाटलं, साहेब नुसतं लिहितात."

जानेवारी उजाडला. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय तोंडावर आला होता. चौकाचौकात पोलीस, बसगाड्या कधी चालू, कधी बंद. "सांभाळून जा-ये करा," चतुरा फोनवर सांगायची. सोमवारी तिला विचारायचंच, असं बद्रीनाथनं ठरवलं होतं. असे तीन सोमवार गेले होते.

एका सकाळी तिचा आवाज दमलेला आला. "सेहेचाळीस."

तोडे वाजले नाहीत.

त्यानं तोंड उघडलं... परक्या मुलीला तिच्या पायांबद्दल काय विचारायचं? "कालच्याइतकंच आहे. छान," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आकडा अर्ध्या किलोनंच जास्त होता. तोडे तेव्हाही गप्प होते.

तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. दुपारी सूर्यभान तिला टेम्पोत घालून घेऊन आला. तिचे पाय सुजून गुळगुळीत झाले होते.

"परवा तोडे रुतायला लागले, म्हणून तेल लावून उतरवले," सूर्यभान म्हणाला.

बद्रीनाथनं वहीतले आकडे पुन्हा पाहिले. किलोभर चांदी उतरली होती, तेवढंच पाणी चढलं होतं. म्हणून त्या सकाळी काटा जागचा हलला नव्हता.

संध्याकाळी तो तिच्या खाटेशी गेला. "आवाज येत नव्हता, हे कळलं होतं मला. विचारायला लाजलो."

"आणखी काय विचारायचं राहिलंय?" तिला धाप लागत होती, तरी डोळे हसत होते.

"माझ्या घरी... कायमची याल का?"

"लई उशीर केला, साहेब. शहागंजातच विचारलं असतं, तर तिथंच व्हय म्हणले असते."

चौथ्या दिवशी पहाटे ती गेली.

बद्रीनाथ अजून त्याच फोनपाशी बसतो. कुणी वजन सांगितलं की लिहिण्याआधी थांबतो.

"आणि बाई, पायात काय आहे?"

कुणालाच त्याचा राग येत नाही.