परक्यालाही अहोच म्हणतात

उरलेले दिवस : आठ

आधी मान दिसली.

झेरॉक्सच्या दुकानात एक माणूस पाठमोरा उभा होता. भुरभुर पावसानं कॉलर ओली झालेली, मानेवर केस जरा वाढलेले, एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली... आणि मी, सतरा वर्षांच्या मुलीची आई, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढणारी बाई, मनात म्हणाले — मान बरी आहे हं.

मग मान वळली. नवरा होता.

"तू केस कापायला गेला होतास ना?"

"तू चालायला गेली होतीस."

"चालतच आले."

"मीपण... कापणारच होतो."

त्याच्या काखेत निळी फाइल. माझ्या पिशवीत प्लास्टिकचं फोल्डर. दोन्हींत तेच कागद — आमच्या मुंगीच्या गुणपत्रिका, जन्माचा दाखला, तिचे फोटो. एक जादा संच असलेला बरा, म्हणून. आणि सकाळीच तर आम्ही दोघांनी मुंगीसमोर कबूल केलं होतं, की तिच्या कॉलेजच्या अर्जाला आता हातसुद्धा लावणार नाही.

झेरॉक्सवाल्या बाईंनी दोन गठ्ठे शेजारी ठेवले आणि चष्मा नाकावर ओढला. "हीच मुलगी यांच्याकडे, हीच तुमच्याकडे?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की तोंडातून भलतंच निघालं. "अहो, तुमचे कागद माझ्यात आले वाटतं."

अहो! एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्याला अहो म्हटलं नव्हतं. आधी अरे म्हणायचे, आणि मुंगी झाल्यापासून तिच्यासारखंच — बाबा. तोही मला आईच म्हणतो.

तो क्षणभर बघत राहिला. मग फार अदबीनं म्हणाला, "माफ करा हं बाई."

झेरॉक्सवाल्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "हे अहो नवऱ्याचं, की परक्याचं?"

खरंच की. आपल्याकडे दोघांना एकच हाक.

"ठरवा काय ते. मला पिशव्या किती द्यायच्या तेवढं कळू दे."

"दोन," मी म्हणाले.

"एक," तो म्हणाला. त्याच वेळी.

•

घराबाहेर का, तर आम्हाला हाकललं होतं.

मुंगीचा अर्ज पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होणार. निबंध लिहायचा, कागद जोडायचे, आणि कॉलेजांचा क्रम द्यायचा — पहिलं कुठलं, दुसरं कुठलं. एकदा दिला की बदलता येत नाही. मुंगीचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायची सवय. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून "इथे स्वल्पविराम हवा का गं?" विचारायचा. मी दर पंधरा मिनिटांनी सफरचंद कापून न्यायची. बुधवारी आम्ही दोघांनी दोन दारांतून एकदम विचारलं, "झालं का?"

मुंगीनं लॅपटॉप मिटला. आपटला नाही, हळूच मिटला. त्याचीच भीती वाटली.

"आई, बाबा. उद्यापासून रोज पाच ते सात तुम्ही घरात नकोत."

"पाऊस आहे गं."

"छत्र्या आहेत. आणि अर्जाबद्दल बोलायचं नाही. आपापसातसुद्धा नाही."

उरलेले दिवस : सात

तरणतलावाबाहेरचा बाक. आत कुणीतरी शिट्टी फुंकतंय.

"ते लांबचं कॉलेज—"

"बोलायचं नाही."

"बरं."

...

"चप्पल झिजली तुझी."

"हो."

...

"किती वाजले?"

"पाच अकरा."

सातपर्यंत कसं व्हायचं... मी छत्रीच्या काड्या मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. तेवढ्यात तो उठला, काही न बोलता बाकाला वळसा घालून दिव्याच्या खांबापर्यंत गेला, आणि अगदी नव्यानं चालत आला.

"माफ करा... इथे कुणी बसलंय का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा गंभीर, कान मात्र लाल.

"नाही. बसा ना."

"नेहमी येता का इथे?"

"हाकलून दिलं की येते."

"अरेच्चा! मलाही. कुणी हाकललं?"

"मुलीनं. तुम्ही काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"म्हणजे लोकांना वर पोचवता."

"वर काय, कुणीही पोचवेल. मी सुखरूप खाली आणतो." तो जरा सरकून बसला. माझ्या दिशेनं. "आणि तुम्ही?"

"डोळे तपासते."

"मग माझे तपासा की."

"हनुवटी टेकवा."

त्यानं स्वतःच्याच मुठीवर हनुवटी टेकवली. मी वाकले. ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास आला. डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, चहाचा थेंब पडावा तसा एक तपकिरी ठिपका.

"हा कधीपासून?"

"जन्मापासून."

"कधी लक्षातच आला नव्हता..."

"कसा येणार? आपली ओळखच आज झाली."

उरलेले दिवस : सहा

एकच छत्री नेली. मुद्दाम कुणी विसरली, ते सांगणार नाही.

उरलेले दिवस : पाच

(रविवार. नातेवाइकांचे फोन. "काय, कुठे टाकतेय नाव?" पाच वाजायची वाट मुंगीपेक्षा आम्हीच जास्त पाहिली.)

उरलेले दिवस : चार

तो उशिरा आला, कुठल्याशा इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे दोघेजण अडकले होते म्हणून, आणि मी त्या पंचवीस मिनिटांत इतकी रुसून बसले, की माझं मलाच हसू आलं — कॉलेजात मुलगी जाणार आहे की मी?

उरलेले दिवस : तीन

बसथांबा. पाऊस. आम्हाला कुठेही जायचं नव्हतं, त्यामुळे बस आली की ड्रायव्हरला हातानं "नको, नको" करायचं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही परक्या आहात म्हणून विचारतो."

"विचारा."

"मुलगी लांब गेली, तर तुमच्या घरी कोण राहणार?"

"मी आणि नवरा."

"कसा आहे?"

"बरा आहे. घोरतो."

"छे हो, मला नाही वाटत घोरत असेल."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही झोपलेले असता."

तो हसला. मग हसू ओसरलं, आणि तो रस्त्यावर साचलेल्या पाण्याकडे बघत बोलू लागला.

"माझ्या बायकोला सांगू नका... पण मला धास्ती वाटते. मुलीची नाही, ती सावरेल. बायकोची. मुलगी गेली, की एक दिवस ती जेवायला बसेल, समोर मी असेन, आणि तिला बोलायला काही म्हणजे काहीच सुचणार नाही. बाबा, भाजी वाढ — एवढंच. तेही... बाबा कुणाचा, मुलगी तर नाही घरात."

दुसरी बस आली आणि गेली.

मी म्हणाले, "तिलाही हीच धास्ती असेल."

"ती म्हणाली तुम्हाला?"

"बायका बोलतात आपापसात."

त्यानं माझा हात हातात घेतला. बोटांना मशीनच्या तेलाचा वास. कितीतरी दिवसांनी.

"परक्या बाईचा हात धरता?"

"सोडू?"

"थांबा... ही बस जाऊ दे आधी."

ती गेली. पुढचीही गेली.

उरलेला दिवस : एक

सकाळी मी डबा भरत होते. मुंगी ओट्याला टेकून चहा पीत होती. न विचारता म्हणाली, "आई, मी जवळचं कॉलेज पहिलं टाकतेय."

जवळचं म्हणजे वीस मिनिटांवर. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण आधी आनंदच झाला.

मग आठवलं. "पण तुला समुद्राच्या तळाचं शिकायचंय. ते तर फक्त लांबच्या ठिकाणी..."

"जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? आठवीपासून दुसरं बोलली नाहीस."

तिनं कप खाली ठेवला. "मागच्या महिन्यात मला ताप होता, आठवतं? मी खोलीत होते. तुम्ही दोघं बाहेर जेवत होतात. चाळीस मिनिटं, आई. मी फक्त चमचे ऐकले." ती नखानं ओटा खरवडू लागली. "तुम्ही बोलता ते माझ्याशी बोलता. बाबांना सांग, आईला विचार. मी गेले की घर बंद पडेल."

"वेडी आहेस का? आम्ही रोज एवढं फिरतो..."

"मी हाकलते म्हणून फिरता. मला काय माहीत, दोन टोकांना बसत असाल." तिनं डोळे पुसले. "उद्या पावणेसहाला घरी या. तिघं मिळून बटण दाबू. तेव्हा काय ते नक्की करते."

पाच वाजता मी त्याला सगळं सांगितलं. त्या दिवशी ना अहो, ना बाई. तो म्हणाला, "दाखवून देऊ तिला. आज जेवताना बोलू."

जेवताना:

"आज हवा छान होती, नाही?"

"हो, फारच छान होती. तुझा दिवस कसा गेला?"

"उत्तम. तुझा?"

"उत्तमच."

मुंगीनं ताटातून मान वर केली. "नाटक बंद करा. अजून वाईट वाटतंय."

शुक्रवार

तिनं आम्हाला चारलाच बाहेर काढलं. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. सहाला दोन तास.

"चल," तो एकदम म्हणाला. "माझं काम बघितलंयस कधी?"

नव्हतं बघितलं. एकोणीस वर्षांत नाही.

अकरा मजली इमारत. सगळ्यात वर, गच्चीच्या दाराशेजारी, लिफ्टच्या मशीनची खोली. खिडकी नाही, एक पिवळा दिवा. जाड दोर, माझ्या कमरेएवढं चाक. चाक फिरलं की सगळी जमीन हलके गुणगुणायची.

"डोळे मीट," तो म्हणाला. "ऐक. आता चौथा मजला."

खट्.

"दार धरून ठेवलंय कुणीतरी. हातात सामान असणार."

"कशावरून?"

"दार दोनदा आपटलं. आता तू सांग."

मी ऐकलं. "सहावा... लहान मूल आहे. सगळी बटणं दाबतंय."

तो इतका खूश झाला, की तेलकट हातांनीच टाळी दिली. मग आम्ही खेळतच बसलो. उलट्या ठेवलेल्या दोन डब्यांवर, गुडघ्याला गुडघा लावून. कुठल्या मजल्यावरची जोडपी भांडतात, कोण एकटं गाणं म्हणतं — त्याला सगळं ठाऊक. मी विचारत गेले, तो सांगत गेला. मग त्यानं विचारलं, मी सांगत गेले.

"तुला खरं सांगू?" मी म्हणाले. "तू पहिल्यांदा दुकानात आलास ना, तेव्हाच मला कळलं होतं, तुला नंबर नाही."

"मग चष्मा का दिलास?"

"दुरुस्तीला तरी परत येशील... म्हणून. साधी काच होती."

"माहीत होतं मला."

"तरी वर्षभर घातलास?"

"दर महिन्याला स्क्रू कोण सैल करत होतं, वाटतं तुला?"

मी त्याला मारायला हात उगारला. पुढचं... ते चाकाला माहीत.

खाली उतरलो, तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. मी म्हणाले, "किती छान वाटतंय, नाही?" आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आज शुक्रवार."

सात वाजून दहा मिनिटं. फोनवर मुंगीचे सहा मिस्ड कॉल. वर रेंज नव्हती.

आम्ही पळालो. छत्री न उघडता, चिखलातून, सिग्नल न बघता. दार उघडंच होतं आणि दारात मुंगी, हाताची घडी घालून.

"कुठे होतात?"

"वर," मी धापा टाकत म्हणाले.

"वर कुठे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. आणि मला हसू फुटलं. त्यालाही. इतक्या भयंकर क्षणी आम्ही दोघं दारात उभे राहून शाळेतल्या पोरांसारखे हसत होतो, थांबता येईना.

"आई. गालावर काय आहे तुझ्या?"

"ग्रीस."

"तिथे कसं लागलं?"



मुंगीनं माझ्या गालावरची पाच बोटं पाहिली. मग बाबाचा हात पाहिला. "मी पावणेसहाला दार उघडून बसले. पाच पन्नासला वाटलं, अपघात झाला. म्हणून धावत जाऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते दोघं? मघाशी हातात हात घालून गेले की." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही माझा अर्ज विसरलात!"

"बाळा, अगं..."

"दोघंही विसरलात." आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू, ओठांच्या एका कोपऱ्यातून, हसू पसरत गेलं. "म्हणून मी लांबचं पहिलं टाकलं. दाबलं बटण. पाच अठ्ठावन्नला."

मी तिला जवळ घेतलं. शहाण्या आईसारखी म्हणाले, "छान केलंस." बाबा म्हणाला, "शाब्बास." दोनदा म्हणाला. मग मी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि रडले.

मागे पावलं वाजली. तो आला, शेजारी उभा राहिला आणि नाक ओढू लागला.

"मला ती जायला नकोय," मी म्हणाले.

"मलाही."

पाणी धो धो वाहत होतं. आम्ही दोघं वाहत होतो.

"नळ बंद करा!" बाहेरून मुंगी ओरडली. "तरी ऐकू येतंय सगळं!"

तो ओल्या डोळ्यांनी हसला. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "तू मला फार आवडतेस."

"कधीपासून?"

"आत्ता नळ सोडलास, तेव्हापासून."

मी नळ बंद करायला हात नेला. त्यानं तो वाटेतच धरला.