मागचा फाळका

यातलं काहीही मी रंगवून सांगत नाहीये. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मामेभाऊ, धनेश. अजून जिवंत आहे, भिवंडीजवळच्या वळ गावात राहतो. मी हे लिहितोय हे त्याला आवडणार नाही.

न आवडू दे.

साल २००७. दसरा. दुपारचे सव्वाबारा वाजले होते. असल्या गोष्टी फक्त रात्रीच घडतात असं समजून जे दिवसा निर्धास्त फिरतात, त्यांच्यासाठी वेळ मुद्दाम लिहिली आहे.

पण सुरुवात त्याच्या दहा महिने आधीची.

वळमध्ये भातशेती गेली आणि गोदामं उभी राहिली. मामाची जमीनही त्यातच गेली आणि घराला बसून खायची सोय झाली. मामा वारल्यावर धनेश कर्ता झाला. बसून खाणाऱ्याला काहीतरी नाद लागतोच. कुणाला बैलांच्या शर्यतीचा लागतो, कुणाला बाटलीचा. धनेशला लागला जुन्या गाड्यांचा. लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक त्याने लिलावातून उचलून आणला.

काळपट हिरवा, लांब नाकाचा, माणसाच्या कमरेपर्यंत येणारी चाकं. अंगणात उभा केला तर घरात अंधार झाला.

"घरात मानसं कमी पडली म्हनून हत्ती आनलास काय रं?" पुतळामामी म्हणाली. धनेश हसला. त्या ट्रकपायी तो कुणाचं काही ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

त्याच्या मदतीला होता धाकटा भाऊ मितेश. चोवीस वर्षांचा, अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. म्हणून एक माणूस मागे उभा राहतो आणि फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या लोखंडी झडपेवर, तळहाताने ठोकत राहतो. ठप, ठप, ठप असे हलके ठोके चालू आहेत तोवर येऊ दे. एकच जोराचा ठोका पडला की ब्रेक. भिवंडीत हे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

पहिल्याच दिवशी धनेश ट्रक मागे घेत पत्र्याच्या शेडमध्ये लावत होता. मागून ठोके पडू लागले.

ठप… ठप… ठप…

मग एक जोराचा. धनेशने ब्रेक मारला. उतरून बघतो तर भिंत आणि फाळका यांच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर!

"वा रं मित्या!" तो ओरडला.

मितेश आला… पण समोरून. हातात फाटकाचं कुलूप.

"मी तं फाटक लावत व्हतो, दादा. मागं गेलोच न्हाय."

धनेशला वाटलं, पोरगा मस्करी करतोय.

काम सुरू झालं. भिवंडीच्या निजामपुऱ्यातला बाळाराम मिस्त्री रोज यायचा. ट्रकला सेल्फ स्टार्टर बसला, पॉवर स्टीअरिंग बसलं, ब्रेक नवे आले, रेक्झिनच्या सीटा आल्या. रंग खरवडताना बाळाराम फाळक्यापाशी थांबला. त्याने धनेशला ट्रकच्या मागच्या हौद्यात बोलावलं.

फाळक्याच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, पत्रा घासून पांढरा पडला होता. आणि तेवढीच जागा बाहेरून फुगलेली.

"धनेशशेठ… ह्ये आतून मारलंय कुनीतरी. एकदा न्हाय. लई वेळा."

"फौजी लोक बसून गानी म्हनत असतील. ताल धरला असंल."

बाळाराम हसला नाही. "फाळका बदलून टाका."

"फाळका ओरिजनल हाय. त्यो न्हाय बदलायचा."

सगळा ट्रक नवा झाला. तेवढा फाळका जुना राहिला.

मग शिमग्याच्या सुमाराला विहिरीचा प्रकार घडला. शेडच्या मागे एक कठडा नसलेली विहीर होती. भर दुपारी, एकटाच असताना, धनेशने ट्रक वळवायला मागे घेतला. आरसे रंगाला काढून ठेवलेले. त्याच वेळी लाइट गेली. शेजारच्या कारखान्यातले लूम एकदम गप्प झाले. दिवसभर कानात खटखट भरलेली असते, ती गेली की भिवंडीच्या माणसाला बहिरं झाल्यासारखं वाटतं.

आणि त्या शांततेत…

ठप… ठप… ठप…

धनेशने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी पाय क्लचवरून आपोआप सुटत गेला.

एकदम धाडकन एक ठोका.

त्याने ब्रेक दाबला. उतरून मागे गेला. मागचं चाक विहिरीपासून दोन वितींवर होतं. काठाची माती सुटून पाण्यात पडत होती.

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी ट्रक भंगारात घातला असता. धनेशला मात्र त्या ठोक्यांबद्दल माया वाटू लागली. दर आठवड्याला फाळक्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवू लागला. दोस्तांना जमवून मागे काचेची बाटली ठेवायचा आणि ट्रक तिच्यापासून बोटभर अंतरावर आणून थांबवायचा. दोस्त टाळ्या वाजवायचे. त्यांना वाटायचं, काय हात आहे गड्याचा!

कारण ते ठोके स्टीअरिंगवर बसलेल्यालाच ऐकू यायचे. मितेशने एकदा ट्रकच्या अगदी शेजारून चालत, कान लावून ऐकायचा प्रयत्न केला. त्याला काहीही ऐकू आलं नाही.

"दादा, इकून टाक ही गाडी. मला भीती वाटते."

"तुझ्याहून भरवशाचा मानूस गावलाय मला," धनेश चारचौघांत म्हणाला. "त्यो चुकत न्हाय. तू जा, खाटेवर पड."

सगळे हसले.

मितेशचे कान लाल झाले. "मंग त्यालाच भाऊ मान," एवढंच बोलून तो गेला. त्यानंतर शेडमध्ये पाय ठेवला नाही. सहा महिने दोघे एका ताटात जेवणारे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. धनेशला त्याचं काही वाटलं नाही, हे त्याने स्वतः मला सांगितलंय.

दसरा आला.

ट्रक तयार झाला होता. आदल्या दिवशी बाळारामने फाळक्याला आतून-बाहेरून रंगाचा शेवटचा हात दिला होता. दमट हवेमुळे तो सुकला नव्हता. सकाळी अंगणात पूजा झाली, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली. मग ऊन चढलं म्हणून धनेश ट्रक शेडमध्ये घ्यायला बसला.

मामी स्वयंपाकघरात होती. मितेश आपट्याची पानं मुठीत घेऊन तिच्याकडे आला.

"आये, आज दादाला सोनं देतो. झालं गेलं."

मामीचे डोळे भरले. तिनेच सांगितलं, "मिस्त्रीच्या टेबलावर फाळक्याचा हार ऱ्हायलाय बघ. त्यो घाल नि मंग सोनं दे. खूश व्हईल."

मितेश मागच्या दाराने शेडमध्ये गेला. भिंतीला लागून, रंगकामासाठी कालच सरकवलेलं बाळारामचं लोखंडी टेबल होतं. तो पाठमोरा होऊन हार उचलायला वाकला.

बाहेर ट्रक मागे येऊ लागला. रस्त्यावर मिरवणुकीचा बेंजो वाजत होता.

ठप… ठप… ठप…

धनेश निवांत होता. एक हात स्टीअरिंगवर, नजर समोर.

धाड!

एकच ठोका. जोराचा.

धनेशने ब्रेक दाबला. ट्रक जागच्या जागी थांबला. फाळक्याने मितेशला टेबलाशी दाबलं होतं, पण नुसतं दाबलं होतं. कातडीसुद्धा सोलली नव्हती. दादाने ऐकलं, आता गाडी पुढे घेईल, म्हणून मितेशने श्वास सोडला.

धनेशच्या भुवया आक्रसल्या. इतक्या लवकर? भिंत तर अजून चार-पाच फूट होती.

क्षणभर काहीच नाही.

मग… अगदी हलके, नेहमीसारखे…

ठप… ठप… ठप…

येऊ दे. येऊ दे.

त्याने क्लच सोडला. मागे काहीतरी अडलं. वीट असेल असं त्याला वाटलं. त्याने अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला.

ठोके थांबले नाहीत. मामीची किंकाळी ऐकू येईपर्यंत चालू होते.

मितेश वाचला. वाचला म्हणायचं. मुंबईच्या दवाखान्यात चार महिने होता. दोन्ही पाय मांडीपासून काढावे लागले.

त्याला गाडीत घालून नेल्यावर धनेश पुन्हा शेडमध्ये गेला होता. बाळाराम फाळक्यापाशी उभा होता. बाहेरच्या ओल्या रंगात एका तळहाताचा ठसा होता. एकच. त्याच्या मधोमध आपट्याचं पान चिकटलेलं.

बाळारामने हौद्याकडे बोट दाखवलं.

आतल्या बाजूला, त्या घासलेल्या जागी, ओल्या रंगात ठसेच ठसे होते. एकावर एक. मोजता येणार नाहीत इतके. तळहात आतून टेकवलेले.

हौदा रिकामा होता.

धनेशच्या डोळ्यांदेखत बाळारामने ब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी रंग फासला. पोलिस आले तेव्हा फाळका एकसारखा हिरवा होता. "मी काय बी बघलं न्हाय," बाळाराम म्हणाला. आजही तेच म्हणतो.

अपघात म्हणून कागद झाले. कुणी धनेशला बोल लावला नाही… एक मितेश सोडून.

त्याची खाट ओटीवरच्या खिडकीपाशी टाकली होती. धनेश त्याला उचलायचा, धुवायचा, भरवायचा. मितेश शिव्या देत नव्हता, रडत नव्हता. रोज एकच विचारायचा.

"दादा, तू थांबला व्हतास. म्हंजे तुला कळलं व्हतं. मंग परत का आलास?"

"ठोके पडले रं, मित्या. देवाशप्पथ."

"मी एकच मारला."

"तुझे न्हाय. त्याचे."

मितेश त्याच्याकडे बघत राहायचा. सहा महिने अबोला धरलेल्या, चारचौघांत हसणाऱ्या भावाकडे. "मला काय बी ऐकू आलं न्हाय," म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

धनेशला दुसरं काही नको होतं. भावाने एकदा म्हणावं, की दादा, तू मुद्दाम नाही केलंस. त्यासाठी ते ठोके ऐकलेला एक तरी माणूस हवा होता. पण त्या ट्रकच्या स्टीअरिंगवर दुसरं कुणी बसलंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक आलं. अकलोलीचा दौलत. गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायला त्याला असाच ट्रक हवा होता. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. ती शेजारच्या सीटवर चढून बसली.

शेडमध्ये ट्रक नाकाने आत लावलेला होता. दौलतने तो मागे घेत अंगणात काढला, वळवला, फाटकापर्यंत आणला. धनेश ओटीच्या पायरीवर उभा होता. मागे कुणीही नव्हतं. त्याला काही ऐकू आलं नाही.

दौलतने खिडकीतून डोकं काढलं.

"तुमचा मागचा मानूस हुशार हाय हो! बरोब्बर ठोकत आनलं. कोन हाय?"

हाच तो साक्षीदार. त्याला हाताला धरून खाटेपाशी न्यायचं, बस. पण मग सगळं सांगावं लागणार. मग दौलत ट्रक नेणार नाही. मग तो ट्रक पुन्हा त्याच शेडमध्ये, त्याच खिडकीसमोर…

"घरचाच हाय," धनेश म्हणाला.

"पोरीला शिकवतो आता," दौलत हसला. "ही ऱ्हाईल मागं उभी."

मुलीने हात हलवला. ट्रक गेला.

धूळ खाली बसल्यावर धनेश धावत खाटेपाशी गेला. त्याचे डोळे वाहत होते.

"मित्या, ऐकलंस? त्यो काय बोलला ऐकलंस ना? त्याला पन ठोके ऐकू आले!"

"ऐकलं."

"मंग? आता तरी पटलं ना रं?"

मितेशने खिडकीतून रिकाम्या फाटकाकडे पाहिलं.

"त्याला सांगितलंस?"

"काय?"

"फाळक्याचं. माझं."

धनेश खाटेवरची चादर सारखी करू लागला.

"पोर व्हती ना गाडीत?"

"…व्हती."

मितेशने तोंड भिंतीकडे वळवलं.

"मंग माझंच बरोबर हाय, दादा. तवा पन तुला म्हाईत व्हतं."

त्यानंतर त्याने तो प्रश्न कधी विचारला नाही. धनेशशी तो बोलला ते हे शेवटचं. दोघे अजून एकाच घरात राहतात.

हे सगळं धनेशने मला सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर खूप चिडलो. म्हटलं, माणूस आहेस की कोण? त्याने दौलतचा नंबर लिहून माझ्या हातात दिला. तू सांग, म्हणाला.

मी फोन लावला. बंद होता.

एकदाच लावला, हेही खरं आहे. अकलोली वळपासून फार लांब नाही. मी अजून तिकडे गेलेलो नाही.