सलकमान

कमान लाल झाली आणि शर्वाणीच्या हातातला चहा तिच्या साडीवर सांडला.

सकाळपासून सगळं कसं झकास चाललं होतं. नकली वस्तू वापरणाऱ्याला पकडणाऱ्या, विमानतळावरच्या पहिल्यावहिल्या सलकमानीचं आज उद्घाटन. खाली पत्रकारांची झुंबड, आणि वर काचेच्या निरीक्षण-कक्षात कमानीची जन्मदात्री, डॉ. शर्वाणी डोईफोडे. हिरव्यामागून हिरवा दिवा लागत होता. मधूनच एखादा लाल लागे. मग रक्षक त्या माणसाला बाजूच्या खोलीत नेत, आणि तो मान खाली घालून कबूल करी की हो बाबा, घड्याळ नकली आहे. एकदाही चूक झाली नव्हती. आणि आता त्या लाल दिव्याखाली तिचा सख्खा धाकटा भाऊ उभा होता.

दिगंबर. घरातला दिगू. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये हात काळे केल्यावर त्याला जहाजावर फिटरची नोकरी लागली होती. समोरचं विमान पकडलं तरच जहाज सापडणार होतं. शिवाय पासपोर्टवर एकदा नकलीचा लाल शिक्का बसला की कुठलीही जहाज कंपनी त्याला दारात उभं करणार नव्हती. आणि हे सगळं कशावरून? तर मनगटावरच्या 'निमिष' घड्याळावरून, जे शर्वाणीनं स्वतः कंपनीच्या दुकानातून त्याच्यासाठी आणलं होतं! ते नकली असणं शक्यच नव्हतं.

तिच्या शेजारीच, कमानीचा खर्च उचलणाऱ्या 'निमिष' कंपनीचे सर्वेसर्वा प्रद्युम्न केळुसकर उभे होते. ती त्यांच्याकडे वळली.

"केळुसकर साहेब, तो माझा भाऊ आहे. घड्याळ मी दिलंय. कमान चुकलीय."

"तुमची कमान चुकत नाही, डॉक्टर. सरकारी समितीपुढे छातीठोकपणे तुम्हीच सांगितलंत की."

"मग ते घड्याळ उघडून तपासा ना!"

"काय तपासू? आता तुम्हाला मी शिकवायचं का?"

बोलणं खोचक होतं, पण खोटं नव्हतं. अणुनक्कल यंत्र निघाल्यापासून खऱ्या-खोट्याची सगळी गणितंच कोलमडली होती. एका बाजूनं वस्तू ठेवायची, दुसऱ्या बाजूनं तशीच दुसरी काढायची, अणूला अणू जुळलेला. भिंग लावा, तराजूत घाला, रसायनात बुडवा, फरक म्हणून सापडायचा नाही. खऱ्या-खोट्यातला भेद वस्तूमधून पार नाहीसा झाला होता. तो उरला होता फक्त एका जागी, घेणाऱ्याच्या डोक्यात. नकली घेणारा काही फसत नसतो. आपण काय घेतलंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

ती एक जागा शर्वाणीनं शोधून काढली होती. कमानीत शिरणाऱ्याला समोरच्या मोठ्या पडद्यावर आपलंच मनगट दिसतं, घड्याळावरच्या नावासकट. त्या क्षणी, जिभेला खोटं बोलायची सवड मिळण्याआधीच, मेंदू मनातल्या मनात म्हणून जातो: हे खरं नव्हे, आणि ते कुणाला कळता कामा नये. मेंदूतल्या त्या तरंगाला तिनं सललहर असं नाव दिलं. भीतीचा तरंग वेगळा, घाईचा वेगळा, सलाचा अगदी वेगळा. कमान तेवढाच पकडते.

"क्रमांक तरी बघा घड्याळाचा," शर्वाणी म्हणाली. "विक्रीची नोंद असेल."

"घड्याळाची नक्कल होते तेव्हा क्रमांकाची होत नाही का?"

"मग कारखान्यात विचारा. कुठल्या दिवशी बनलं, कुणी बनवलं..."

केळुसकरांनी आधी दार लावून घेतलं.

"कारखाना राहिलाय कुठे, डॉक्टर? आपलीही घड्याळं कधीची त्याच यंत्रातून निघतात. एकच मूळ नमुना, बाकी सगळी नक्कल. दुकानातली, तुम्ही घेतलेलं, हे माझ्या हातातलंसुद्धा. लोकांना घड्याळ नको असतं हो, लोकांची नजर हवी असते. बाजारातला नकलीवाला ती स्वस्तात देतो, आपण महाग देतो. एवढाच काय तो फरक."

"आणि तरी तुम्ही माणसांना अडकवताय?"

"मी कुठे? कमान अडकवते." ते चक्क हसले. "तुम्ही बाहेर जाऊन ओरडलात तरी सिद्ध कशानं करणार? दिगंबरचं वाईट वाटतं मला, खरंच. पण पहिल्याच दिवशी कमान चुकली असं म्हणणं मला परवडायचं नाही."

खालच्या ध्वनिक्षेपकावरून दिगूच्या विमानाची हाक आली. शर्वाणीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण डोकं चालत होतं. या माणसाला ठाऊक आहे की आपल्या हातातलं घड्याळ नक्कल आहे. ठाऊक आहे ना? मग कमान वाजलीच पाहिजे!

"ठीक आहे साहेब," ती म्हणाली. "निदान तुम्ही तरी पत्रकारांसमोर कमानीतून जाऊन दाखवा. भावाचं मी बघते मग."

"जाऊ की! त्यात काय?"

ते इतक्या सहज कबूल झाले तिथेच तिला शंका यायला हवी होती.

दोघं खाली आले तसे कॅमेरे सरसावले. केळुसकर कमानीत उभे राहिले, पडद्यावर त्यांचं मनगट आलं, त्यावर 'निमिष' हे नाव.

हिरवा दिवा. टाळ्यांचा कडकडाट.

शर्वाणीला एकदम उमगलं. प्रयोगशाळेत तिनं विद्यार्थ्यांना तपासलं होतं, कारकुनांना, गृहिणींना, चारचौघांसारख्या माणसांना. खोटं वागताना आतून जरा चरकणारी माणसं ती. ज्याला चरकणंच माहीत नाही असा माणूस तिच्या प्रयोगात कधी आलाच नव्हता. लाजच नसेल तर सल उठणार कुठून? ती इतकी वर्षं खोटेपणा पकडणारं यंत्र करायला निघाली होती, आणि तिनं केलं होतं लाज पकडणारं यंत्र. निगरगट्ट सुटणार, आणि दिगूसारखा भिडस्त अडकणार!

विमानाची पुन्हा हाक आली. बाजूच्या खोलीच्या काचेतून दिगू दिसत होता. खाली मान घालून बसलेला.

आणि मग तिला सुचलं. लाज केळुसकरांकडे नसेल. माझ्याकडे आहे की!

"साहेब, ते घड्याळ जरा द्या बघू."

"कशाला?"

"आत्ताच कमानीनं अस्सल ठरवलंय ना? मी तेच घालून जाते. लोकांना गंमत दाखवू."

केळुसकरांचं हसू ओठांवरच वाळलं. पण समोर एवढे कॅमेरे, नाही कसं म्हणणार? त्यांनी हळूहळू पट्टा सोडला. घड्याळ तिच्या मनगटाला ढगळ होत होतं, ते तिनं मुठीत घट्ट धरलं आणि कमानीत पाऊल टाकलं.

पडद्यावर तिचं मनगट आलं, आणि ते नाव. खोटं, तिचं मन म्हणालं. हे खोटं आहे, तुला ते माहीत आहे, आणि तरी तू सगळ्यांसमोर हे खरं म्हणून मिरवते आहेस.

लाल दिवा लागला आणि भोंगा वाजला.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पुढच्या रांगेतली एक पत्रकार उठून उभी राहिली.

"केळुसकर साहेब, आत्ता तुमच्या हातावर हेच घड्याळ खरं होतं. बाईंच्या हातावर ते नकली कसं झालं?"

केळुसकर रिकामं मनगट चोळू लागले.

"घड्याळ नकली आहे का, साहेब?" तिनं पुन्हा विचारलं. "कंपनीच्या मालकांच्याच हातात?"

"अहो, काहीतरीच काय!" केळुसकर ओरडले. व्यापारी माणूस, काय बुडवायचं आणि काय वाचवायचं हे त्यांना क्षणात कळलं. "घड्याळ शंभर टक्के अस्सल आहे! कमान बिघडलीय, कमान! तिच्या शब्दाला काडीची किंमत नाही."

"मोठ्यानं बोला साहेब," शर्वाणी म्हणाली. "त्या खोलीतल्या माणसांनाही ऐकू जाऊ दे."

सुरक्षा अधिकाऱ्यानं केळुसकरांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खोलीचं दार उघडलं. माणसं भराभर बाहेर पडली. सगळ्यांत शेवटी दिगू आला, खांद्यावर पिशवी. शर्वाणी धावतच त्याच्यापाशी गेली.

"पळ, दिगू! शेवटची हाक झाली. तुझ्यावर कसला डाग नाही आता. कमानच चुकली होती, मी सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवलं."

दिगू जागचा हलेना.

"चुकली नव्हती, अक्का."

"म्हणजे?"

"तू दिलेलं घड्याळ नदीत गेलं. पोहताना. बुड्या मारमारून शोधलं, नाही सापडलं. मग बाजारातून हे तसलंच नकली घेतलं."

"अरे पण का? घड्याळावाचून तुझं काय अडलं होतं?"

"माझं काय अडायचंय? तू भेटलीस की आधी मनगटाकडे बघतेस. मोकळं मनगट बघून तुला काय वाटलं असतं?" त्यानं घड्याळावरून अंगठा फिरवला. "पडद्यावर हे दिसलं आणि वाटलं, अक्का वर बसलीय, आता तिला कळणार."

लोक नकली वस्तू का घेतात याच्यावर शर्वाणीनं आजवर किती भाषणं ठोकली होती! त्यांत मोठेपणा होता, हौस होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर होती. हे नव्हतं. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून घेतलेलं खोटं घड्याळ तिच्या कुठल्याच तक्त्यात बसलं नसतं. पाण्यात गेलेलं आणि हातातलं, दोन्ही एकाच जातीच्या यंत्रातून आलेली आहेत, हे सांगावंसं तिला वाटलं. पण त्यानं काय होणार होतं?

"वेडा आहेस," ती डोळे पुसत म्हणाली. "मला सांगायचंस की रे. एवढंच ना? गेलं तर गेलं."

"रागावली नाहीस?"

"जा आता, जा!"

विमानाकडे जायची वाट कमानीतूनच होती. केळुसकरांभोवती नुसता गलका चालला होता, आणि त्या गोंधळात कमान बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता शर्वाणीच्या ते ध्यानात आलं. पुन्हा भोंगा वाजला तर? एवढं सगळं होऊन कुणी रक्षकानं सवयीनं त्याचा दंड धरला तर?

दिगू कमानीत शिरला. पडद्यावर त्याचं मनगट आलं, बाजारातलं नकली घड्याळ आणि त्यावरचं ठसठशीत नाव. त्यानं क्षणभर तिकडे पाहिलं, मग मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि हसला.

हिरवा दिवा लागला. शर्वाणीशिवाय तिकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.