त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं?

"मी राजा होणार!" टेबलावरच्या इवल्याशा राजाकडे बोट दाखवत ढब्बू म्हणाला.

"अरे, त्या राजाला सनदेवर शिक्का मारायला लावलाय. इथून पुढे कायदा त्याच्याही वर!" चष्मिसनं माहिती पुरवली.

"मग मी छापखानावाला!" ढब्बू पुढच्या टेबलाकडे वळला.

ताई खळखळून हसली. ती आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू सुट्टीत मावशीकडे आले होते. चष्मिस मावशीचा मुलगा. मावशी संग्रहालयात काम करायची आणि तिथे 'जग बदलणारे दिवस' हे नवं दालन संध्याकाळी उघडणार होतं. प्रत्येक टेबलावर अंगठ्याएवढ्या माणसांचा एक देखावा होता. सगळ्यात मोठा होता रणांगणाचा.

"हे बघ काहीतरी विचित्रच!" चष्मिस वाकून म्हणाला. एक जखमी शिपाई मान उचलून तोंड उघडून पडला होता. दुसऱ्यानं हात पुढे केला होता. पण समोर कोणीच नव्हतं! प्रत्येक जखमीशेजारी जमिनीला एक बारीक भोक होतं.

"वाळवी!" ढब्बू म्हणाला.

"प्लास्टरला कसली वाळवी? ही बाहुली खोचायची भोकं. इथे कोणीतरी बसलेलं होतं!" ताई म्हणाली.

तिघं संचालकसाहेबांकडे धावले.

"सामान हलवताना मोडलं असेल काहीतरी," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "काच बसली की कोणाच्या लक्षात येतंय? पळा आता!"

तिथेच उभ्या असलेल्या मावशीचा चेहरा मात्र पडला. "अगं, हे देखावे घडवणाऱ्या बाई येणार आहेत. त्यांना आता दिसत नाही. काच बसण्याआधी त्यांना एकदा सगळ्यावरून हात फिरवायचाय."

"पण तिथे होतं कोण?"

"जवळच्या गावातल्या बायका. खरंच झालेली लढाई आहे ती. हजारो जखमी नुसते पडून होते. या बायका पाणी आणि पट्ट्या घेऊन धावल्या. आपला कोण, शत्रूचा कोण, काही विचारलं नाही. पुढे काही वर्षांनी अनेक देशांनी मिळून कायदा केला, की जखमी कुठल्याही बाजूचा असो, त्याला जपायचं."

"म्हणजे जग बदललं ते त्या बायकांमुळे, आणि नेमक्या त्याच गायब!" ताई उसळून म्हणाली.

तिघांनी कोठीघर पालथं घातलं. खोकी, भुसा, दोऱ्या... काहीच नाही! हिरमुसून परतताना ढब्बू छापखान्याच्या देखाव्यापाशी थांबला. छापखान्यासमोर बाजार भरला होता.

"ताई, ही बाई कोबीला मलमपट्टी का करतेय गं?"

ताईनं डोळे विस्फारले. भाज्यांपुढे गुडघे टेकून बसलेल्या साऱ्या बायकांच्या हातांत पट्ट्या होत्या, पाण्याचे पेले होते! घाईघाईत कोणीतरी त्यांना बाजारात बसवून टाकलं होतं.

तेवढ्यात काचवाल्याला घेऊन साहेब आलेच. "चला, बसवून टाका!"

"साहेब," ताईला डोळा मारून चष्मिस पटकन पुढे झाला, "संध्याकाळचं भाषण आधी आम्हाला ऐकवा ना! काकांनाही ऐकायचंय. हो ना काका?"

काचवाले काका गोंधळले, पण साहेब खुलले. "असं म्हणतोस? मग व्यासपीठावरच चला!"

शेजारच्या सभागृहातून साहेबांचा आवाज घुमत होता. इकडे ताई आणि ढब्बू श्वास रोखून एकेका बाईला अलगद उचलून तिच्या जागी बसवत होते.

भाषण संपलं आणि मावशीचा हात धरून देखावे घडवणाऱ्या बाई आत आल्या. त्यांची बोटं रणांगणावरून हळूहळू फिरली. एका ठिकाणी थांबली.

"ही त्याच्याकडे पाठ करून का बसलीय?"

ढब्बूनं जीभ चावली. "घाईत बसवली. चुकलो मी."

ताईनं मग सगळी हकिगत सांगितली. साहेबांची मान खाली गेली. "बाई, चूक माझी आहे. मी नीट पाहिलंच नाही. या पोरांनी पाहिलं."

बाईंनी ती बाहुली जखमी शिपायाकडे वळवली.

"माझी आई युद्धात दवाखान्यात काम करायची," त्या म्हणाल्या. "हिला मी तिचा चेहरा दिलाय. आता तो चेहरा मला आठवत नाही, पण बोटांना आठवतो." मग तिघांना जवळ ओढून त्या म्हणाल्या, "शहाणी गं माझी बाळं! तुम्ही तिला पुन्हा कामावर पाठवलंत."

काचवाले काका काच भिंतीला टेकवून उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि साहेबांना म्हणाले, "बाईंचं होऊ द्या सावकाश. मला काही घाई नाही."