शिराहागीतला बंद झरोका

तोमिकोबाई उराबे आपलं काळं पडलेलं चांदीचं कडं पुढ्यात नाचवत विश्रामगृहाच्या मालकिणीला, शिगेनोला, जाब विचारत होत्या, तेवढ्यात मागच्या ओसरीतून सुनेची, नात्सुएची, हाक आली.

"आई."

एकच हाक. पाहुणे घरात असताना नात्सुए कधी आवाज चढवत नसे. शिगेनोने बाईंची माफीही मागितली नाही, सरळ मागे धावली.

'धुकं' नावाच्या खोलीचं न्हाणीघर ओढ्याच्या अंगाला होतं. दार सताड उघडं होतं. नात्सुए ओलं फडकं नाकाशी धरून उराबेसाहेबांचा जड देह काखेत धरून बाहेर ओढत होती. गंधकाचा दर्प डोळ्यांत झोंबत होता. दोघींनी मिळून त्यांना ओसरीत आणलं, पण आणून उपयोग नव्हता. साहेब संपले होते.

शिगेनोची नजर आपसूक भिंतीच्या तळाशी गेली. जमिनीलगतचा झरोका पांढराफटक दिसत होता. बर्फाने बुजला होता.

ओगिदानीच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की गंधकाचा वायू जड, तो खाली बसतो. म्हणून प्रत्येक न्हाणीघराला खाली झरोका असतो आणि हिवाळ्यात तो मोकळा ठेवावा लागतो. शिराहागी विश्रामगृहात ते काम सुनेचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून नात्सुएने ते कुणाला करू दिलं नव्हतं.

आता लोक काय म्हणणार, हे शिगेनोला त्याच क्षणी कळलं.

*

फौजदार वाकुइ सकाळी आला. खोऱ्यातलाच मुलगा, लहानपणी शिगेनोच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्या उघडताना पकडला गेलेला. आज मात्र तो तिच्याकडे सरळ बघत नव्हता.

"झरोका कधी साफ केलात, नात्सुएताई?"

"काल दिवे लावायच्या आधी. साहेब न्हायला जाणार म्हणून मुद्दाम."

"नंतर बर्फ पडला?"

"भुरभुरला."

"मग झालं तर. भुरभुरला, साचला, बुजला."

"तिथं साचत नाही. वरची वळचण केवढी आहे बघा."

वाकुइने बघितलं. मग वाकून झरोक्यातला बर्फ उपसला. चुऱ्यासारखा भुसभुशीत बर्फ यायला हवा होता. हातात आला तो अखंड गोळा. त्याच्या एका अंगावर बारीक आडव्याउभ्या रेघा होत्या, विणीसारख्या. शिगेनोने त्या दाखवल्या. झरोक्याच्या गजांचे वळ असतील, म्हणत वाकुइने गोळा टाकून दिला. आतल्या उष्णतेने वितळला आणि बाहेरच्या थंडीने गोठला, हेही त्याने समजावून सांगितलं. झरोक्याला बांबूचे नुसते उभे गज होते, हे शिगेनो त्या वेळी बोलली नाही.

मग तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, मला तालुक्याला कळवावंच लागेल. निष्काळजीपणा धरला तर ताईंवर खटला होईल. आणि शिराहागीला कुलूप लागेल."

"आणि निष्काळजीपणा नसेल तर?"

"तर खून म्हणायचा. त्याला खुनी लागतो, काकू. संध्याकाळपर्यंत सापडला तर सांगा."

तोमिकोबाईंची चौकशी मोठ्या दालनात झाली. नवऱ्याच्या साठीचा सोहळा करायला आलेल्या बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"मी बायकांच्या कुंडात होते," त्या म्हणाल्या. "तिथंच माझं कडं काळं झालं. बाहेर आले ती या बाईंशी भांडायला. विचारा त्यांना."

"साहेबांना कुणी शत्रू?"

"मोजायला बसलात तर तुम्हाला बढती मिळेल." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दर खोऱ्यात एकेक असेल. ह्यांनी गरम पाण्यासाठी किती डोंगर भोसकले ते मला विचारू नका. या खोऱ्यातसुद्धा वरच्या अंगाला विहीर खणली होती. तरुणपणी. फार अभिमानाने सांगायचे."

शिगेनोने मान खाली घातली. ती विहीर तिला आठवत होती. विहिरीचं पाणी उसळलं आणि ओढ्यापलीकडच्या ओबोरोया विश्रामगृहाचा झरा गार पडला. गरम झरा गार पडलेलं विश्रामगृह म्हणजे नुसता लाकडाचा सांगाडा. ओबोरोयाची मालकीण सेत्सू दोन हिवाळे तग धरून होती. मग एका सकाळी ती पांढरे पायमोजे घालून डोंगरात गेली, आणि बर्फ वितळल्यावरच सापडली. सेत्सूच्या हातची मुळ्याची आमटी, तिचं ते पुलावरून ओरडून ख्यालीखुशाली विचारणं, सगळं शिगेनोला अजून कालच्यासारखं आठवे. सेत्सूला एक लहान मुलगी होती. ती लांबच्या मावशीकडे गेली, मग तिची काही खबर आली नाही.

"बाकी सोहळा छान आखला होता," तोमिकोबाई कडं बोटावर फिरवत म्हणाल्या. "एवढंच सांगायचं राहिलं, की इथं चांदी काढून ठेवा. काय हो सेराबाई? एवढे पैसे घेता."

सेरा मिनाए कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसली होती. तोक्योतली, चाळिशी ओलांडलेली, नीटस बाई. श्रीमंतांचे असले मुक्काम आखून देणं हाच तिचा धंदा. साऱ्या शरद ऋतूत तिचे शिराहागीला फोन येत होते. उशीत भुसा कुठला घालता, मासा ओढ्यातला की तळ्यातला, ओसरीत ऊन कधी येतं. दर वेळी म्हणे, मी समुद्राकाठची, डोंगर कधी पाहिला नाही, तेव्हा सगळं विस्ताराने सांगा हं. खोली मात्र तिने स्वतः निवडली होती. नात्सुए नव्या सज्ज्याची खोली सुचवत होती. हिला ओढ्याच्या अंगाची, खोल वळचणीची, जुन्या झऱ्यावरचीच हवी होती.

"माझी चूक," मिनाए म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं. मी स्वतः दागिने घालत नाही, त्यामुळे लक्षात आलं नाही."

शिगेनोने चहा ओतता ओतता तिच्या हाताकडे पाहिलं. पाहुणे आले तेव्हा हिने दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं होतं. अनामिकेवर एक फिकट वळ उमटलेला होता. कार्ड काढताना पिशवीतून रुमाल खाली पडला होता, त्याच्या कोपऱ्याला घट्ट गाठ. हिने तो झटकन उचलला होता. तेव्हा चपला लावायच्या घाईत शिगेनोने मनावर घेतलं नव्हतं.

किटलीतला चहा कपाबाहेर सांडला. उभ्या हयातीत शिगेनोने पाहुण्यासमोर चहा सांडला नव्हता.

*

दुपारी तिने वाकुइला सांगून सगळ्यांना पुन्हा दालनात बसवलं. नात्सुएही आली, दाराशी टेकून बसली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते.

"वाकुइ, तू बर्फाचे गोळे मारून माझे किती कंदील फोडलेस?" शिगेनोने विचारलं.

"काकू, ही वेळ आहे का?"

"सांग तर. इथला कोरडा बर्फ नुसता दाबून गोळा होतो?"

"नाही. फडकं ओलं करून त्यात दाबायचा, मग..." वाकुइ थांबला.

"मग त्यावर फडक्याची वीण उमटते. आडवीउभी. माझ्या झरोक्याचे गज नुसते उभे आहेत. तो बर्फ आभाळातून पडलेला नव्हता रे. ओल्या पंच्यात दाबून कुणीतरी बाहेरून ठासला होता. शहरातल्या माणसाने नुसता बर्फ लोटला असता आणि तो घसरून पडला असता. शहरातल्या माणसाने वरची खिडकी बंद केली असती. खालचा झरोका बुजवायचा, तोही पंचा भिजवून, हे खोऱ्यात वाढलेल्यालाच सुचतं."

"खोऱ्यातल्या इथं तुम्ही दोघीच," तोमिकोबाई म्हणाल्या.

"तिघी," शिगेनो म्हणाली. "सेराबाई, तुमची अंगठी कुठं आहे?"

"मी घालत नाही म्हटलं ना."

"बोट घालतं म्हणतंय. आमच्या खोऱ्यातल्या बायका बाहेरगावाहून परत आल्या की पुलावरच चांदी काढतात आणि रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवतात. पलीकडे गंधकाची वाफ सुरू होते ना. आई करते म्हणून मुलगी करते, कुणी शिकवत नाही. तुमच्या हातांनी ते पुलावर आपोआप केलं. तुम्हाला कळलंही नसेल."

"मी कुठंतरी वाचलं असेल."

"वाचलं असतं तर आधी तोमिकोबाईंना सांगितलं असतं. उशीतला भुसा विचारणारी बाई आपल्या पाहुणीचं कडं काळं होऊ देईल? धंद्याने शिकवलेलं असतं तर तोंडावर आलं असतं. ते हातात होतं, म्हणून हातातच राहिलं. ती गाठ सोडता?"

मिनाएने पिशवीकडे हात नेला नाही. वाकुइने नेला. गाठीतून चांदीची अंगठी निघाली. तिच्यावर धुक्याआडचा चंद्र कोरला होता. ओबोरोयाच्या कंदिलांवर तोच चंद्र असे.

"सेत्सूची अंगठी," शिगेनो म्हणाली. "बाळे, तुला आम्ही मीना म्हणायचो."

मग मिनाए हसली. तोक्योची बाई त्या हसण्यासरशी गळून पडली.

"साठीचा सोहळा आखून द्या म्हणाले. मला त्यांनी ओळखलं नाही. ओबोरोयाचं नाव काढून पाहिलं, तर विचारतात, तिथली आमटी चांगली होती का? मग मी आखून दिला. इतकं मन लावून मी आजवर कुणाचं काही आखलं नाही." ती खाली पाहत राहिली. "पाणी जुन्या झऱ्याचं हवं होतं. आईला न मिळालेलं."

तोमिकोबाईंनी कप खाली ठेवला.

"त्यांच्यापुरतं मी समजू शकते," शिगेनो म्हणाली. "पण सूड तू घ्यायचास आणि त्याचं बिल माझ्या सुनेच्या नावावर फाडायचंस? जुना झरा आणखी दोन घरांत आहे. शिराहागीच का?"

"त्या विहिरीच्या कागदावर शिराहागीची सही होती."

"माझ्या सासऱ्यांची. नात्सुएचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तिने काय केलं होतं?"

मिनाएने दाराशी बसलेल्या नात्सुएकडे पहिल्यांदाच पाहिलं.

"माझ्या आईने तरी काय केलं होतं?"

वाकुइने मिनाएला उठवलं.

गाडी दाराशी लागली. पाहुणा निघाला की मालकिणीने बाहेर जाऊन, गाडी वळणाआड जाईपर्यंत वाकून उभं राहायचं, ही शिराहागीची रीत. शिगेनो सवयीने उंबऱ्यापर्यंत गेली. तिथं तिचे पाय अडले. जाणारीला वाकावं असं तिला वाटेना, आणि सेत्सूच्या मुलीला पाठही फिरवता येईना.

तिच्या बाजूने नात्सुए बाहेर पडली. बर्फ पुन्हा भुरभुरू लागला होता. गाडीच्या काचेसमोर जाऊन ती कमरेतून पुरती वाकली, हात गुडघ्यांवर, आणि गाडी पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत तशीच राहिली.

आत आली तेव्हा तिचे खांदे पांढरे झाले होते.

"तिला कसली वाकतेस?" शिगेनोने विचारलं. "तुला तुरुंगात घालायला निघाली होती ती."

"म्हणूनच, आई," नात्सुए बर्फ झटकत म्हणाली. "जाताना तिला नीट दिसायला हवं होतं, की हे घर अजून चालू आहे."