पावलातली नस

बुलढाण्याच्या बसमध्ये जयमालाच्या बोटांतून तिकीट निसटलं. लागोपाठ तिसऱ्या मंगळवारी. कंडक्टर प्रेमने ते उचललं आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"राग तिकिटावर आहे, का माह्यावर?"

ती हसली. मग उजवा हात पदराखाली घेत म्हणाली, "अंगठ्याले अन् दोन बोटांले काहीच समजत नाही... कलम करताना चाकू सटकला, मनगटातली नस तुटली. दवाखान्यात चालले."

देऊळगाव राजाला तिच्या वडिलांची रोपवाटिका होती. जंबेरी या रानलिंबाच्या रोपाची साल चिरून त्यात मोसंबीचा कोवळा डोळा, म्हणजे फुटीचा अंकुर, बसवावा, तो जयमालानेच. हे काम नजरेपेक्षा बोटांचं. चार महिने तिच्या चाकूला कुणी हात लावला नव्हता.

संध्याकाळी परतीच्या बसलाही प्रेमच होता. गर्दी ओसरल्यावर तो शेजारी टेकला.

"काय म्हणले डॉक्टर?"

"तुटल्या टोकांत नळी बसवतात, पण माही फट दीड इंचाची. तिले नळी पुरत नाही. मेलेल्या माणसाची नस साफ करून ठेवलेली भेटते... तिच्यापेक्षा डॉक्टरले माह्याच पायाच्या नसेचा भरवसा जास्त."

पुढच्या थांब्याला प्रेम उठला. आठवडाभर त्याच्या मनात तेच घोळत असावं, कारण पुढच्या मंगळवारी तो तिकिटाआधी बोलला, "माह्या पायाची घ्या ना. जंबेरीवर मोसंबी लागते म्हणता, मग..."

"मीबी हेच विचारलं डॉक्टरले. बाबांची चालते का म्हणून. माणसाचं शरीर झाडासारखं नसते म्हणे, परकं जिवंत असलं तर ओळखते अन् टाकून देते."

"मग तुमचीच घ्या. अडलं काय?"

जयमालाने खाली पावलाकडे बोट केलं. "पावलाची बाहेरची कड बधिर होईल. रोपांत मी अनवाणी चालते, काटा रुतला तर समजणार नाही. अन् नस वाढते रोज एखादा मिलिमीटर... वर्ष जाईल. तरी बोटं पहिल्यासारखी होतील, असं कोणी सांगत नाही."

"काटा मी पाहीन," प्रेम हळूच म्हणाला. "रोज."

"रोज? तुमची गाडी तर मंगळवारी भेटते."

"गाडीचं... नाही म्हणत मी."

तिने डाव्या हाताने तिकीट घेतलं. मग म्हणाली, "नस काढली तर रोपांतबी चपला घालायच्या, असं ठरवलं होतं मी."

त्याचा चेहरा उतरला.

"आता कधी कधी नाही घालणार."

बुलढाण्याला उतरून ती सरळ दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांसमोर बसण्याआधीच म्हणाली, "पायाची घ्या."